दोन माणसांची केबिन

त्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरीचा साखरपुडा. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या बिराजदारांच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून कुणाची पाठ जमिनीला लागली नव्हती. बॅरल भरले, घागरी भरल्या, पातेली भरली, आणि पूजेचा तांब्यासुद्धा भरून झाल्यावर महेश्वरी शेंगापोळ्यांचं सारण घेऊन बसली. समोर तिची नणंद अक्कम्मा पाय पसरून गूळ चिरत होती. ती भाचीच्या साखरपुड्यासाठी मंगळवेढ्याहून आली होती, आणि ती आली की घराचा कारभार न सांगता तिच्या हातात जाई. महेश्वरीच्या नवऱ्याची, राजशेखरची, ही थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्याला हिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. तिनं नको म्हटलेली गोष्ट या घरात आजवर झालेली नव्हती. अपवाद एकच. महेश्वरीचा मुलगा गुरु घर सोडून गेला, तो.

अक्कम्माच्या मांडीवरचा फोन वाजला. तिनं गुळाचा हात पदराला पुसला, चष्मा नाकावर ओढला आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"महेश्वरी, हे आपलं गुरु न्हवं का गं?"

महेश्वरीनं मान वाकवून बघितलं. पाऊस नुकताच उघडलेला एक लहानसा प्लॅटफॉर्म होता. मागं डोंगर, इतका हिरवा की डोळ्यांना गार वाटावं. पितळी दांड्यांची, तपकिरी लाल रंगाची लांबलचक गाडी उभी होती. आणि गाडीच्या पायरीशी, सोनेरी बटणांचा पांढरा कोट घातलेला गुरु गुडघ्यावर बसून एका गोऱ्या म्हातारीचे चिखलानं भरलेले बूट पांढऱ्या फडक्यानं पुसत होता. म्हातारी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभी होती आणि दोघंही कशावरून तरी हसत होते. व्हिडिओ काढणारा पुण्याकडचा कुणी हौशी प्रवासी असावा. "मंडळी, एवढ्या शाही गाडीत आपला मराठी माणूस सापडलाय!" असं ओरडून त्यानं विचारलं, "नाव काय, दादा?" आणि गुरूनं मान वर करून, अगदी खुशीत सांगितलं, "गुरु बिराजदार. सोलापूर."

"शिवशिवशिव," अक्कम्मा म्हणाली. "बिराजदाराच्या पोरानं गोऱ्या बाईचे पाय धरले. आणि वर गावाचं नाव सांगतंय."

महेश्वरीनं व्हिडिओ पुन्हा लावला. गुरूनं केस बारीक कापले होते. मान जरा बारकी झाल्यासारखी वाटत होती.

तो हे काम करतो, हे तिला नवं नव्हतं. गुरु पुण्यात हॉटेलचा कोर्स करून आला तेव्हा बापाला वाटलं होतं, आता पोरगं मार्केट यार्डातल्या आडतीच्या दुकानात बसेल. त्याऐवजी तो बँकॉकला गेला. तिथून मलेशियाच्या जंगलातून थेट सिंगापूरपर्यंत जाणाऱ्या 'लोटस क्वीन' नावाच्या गाडीत तो प्रवाशांची सेवा करायला लागला. राजशेखरनं त्याच्याशी बोलणं टाकलं आणि यार्डात सांगून टाकलं की गुरु सिंगापूरच्या हॉटेलात मॅनेजर आहे. अक्कलकोटच्या व्याह्यांनाही तेच सांगितलं. हळूहळू घरातही तेच बोललं जाऊ लागलं.

पण राजशेखर दुकानात असताना, दुपारी, गुरूचा फोन यायचा. गाडीच्या शेवटच्या डब्याला काचा नव्हत्या, नुसता कठडा. तिथं उभा राहून तो फोन बाहेर धरायचा. "अव्वा, हे बघ रबराची झाडं. हे बघ, गाडी कड्याला खेटून चाललीय, खाली नदी." महेश्वरीचे हात कणकेत, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. ती फांद्या मागं पळताना बघायची, नदीतल्या होड्या बघायची, डब्यातले पितळी दिवे आणि पियानो वाजवणारा म्हातारा बघायची. गेलं दीड वर्ष ती दुपारच्या वेळी त्या जंगलातून फिरत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

राजशेखर त्या दिवशी दुपारीच घरी आला. चपला काढायच्या आधीच त्यानं विचारलं, "कुणीकुणी बघितलं?"

"घरच्या ग्रुपवर आलंय, अप्पा," सिद्धेश्वरी म्हणाली. तिच्या हातावरची मेंदी अजून ओली होती आणि ती दोन्ही हात हवेत धरून दारात उभी होती.

"यार्डातपण आलंय. हमालसुद्धा घोळका करून बघत होते. 'शेठ, तुमचा मॅनेजर बूट लई चकाचक पुसतो की!' हे ऐकून आलोय मी." तो खुर्चीवर बसला आणि टोपी मांडीवर ठेवली. "संध्याकाळी अक्कलकोटची मंडळी साडी घेऊन येणार. त्यांनी विचारलं तर सांगायचं, ते आमचं न्हवं. तोंडावळा सारखा असतो माणसांचा."

"त्यानं नाव सांगितलंय की, अप्पा. गावपण."

"गुरु बिराजदार जगात एकच हाय का?"

"एकच हाय," महेश्वरी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती सारणाचे गोळे करत होती आणि हात थांबले नव्हते.

"तू मधी पडू नको," राजशेखर म्हणाला. "पोरीचं लग्न मोडायचंय का तुला?"

"अव्वा, उद्याचा दिवस जाऊ दे गं," सिद्धेश्वरी रडकुंडीला आली. "मग सांगू सगळं. दादाला पण सांग, उद्या फोन करू नको म्हणून."

"भावानं बहिणीच्या साखरपुड्याला फोन करायचा न्हाई?"

"करायचा न्हाई," अक्कम्मा मध्येच बोलली. "शेखर म्हणतोय ते बरोबर हाय. घराची अब्रू हाय. लोकांची उष्टी ताटं उचलायला पोरगं वाढवलं होतं का आपण?"

महेश्वरीनं परात बाजूला सारली. या बाईसमोर तिनं आजवर कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही.

"अक्का, गड्ड्याच्या यात्रेत मठात दासोह असतो. हे दर वर्षी धोतर खोचून पंगतीत वाढतात. उष्ट्या पत्रावळी पण स्वतःच्या हातानं उचलतात, दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत. घरी आल्यावर आठ दिवस तेच सांगत असतात. तवा मान ताठ असते. मग गुरु वाढतो तर मान खाली का?"

"ते देवाचं हाय," राजशेखर म्हणाला. "हे पैशासाठी."

"तुमी पोती विकता, ती काय फुकट वाटता? तरी गल्ल्याला रोज उदबत्ती लावताच की. कष्टाचं काम म्हणजे कायक, आणि कायक म्हणजेच पूजा, हे मला लग्न होऊन आल्यावर तुमीच शिकवलंत."

राजशेखर जास्तच चिडला.

"तुला कुणी शिकवलं हे सगळं? त्याचा फोन येतो काय?"

"येतो. रोज दुपारी." आता मागं फिरायचं नाही हे तिला बोलता बोलताच कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं. "आणि अजून एक सांगते, म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल. कंपनी नोकरांच्या घरच्यांना वर्षातून एकदा मोकळी राहिलेली केबिन देते. दोन माणसांची. मार्गशीर्षात त्यानं तुमाला-मला बोलावलंय. गेल्या वर्षीपण बोलावलं होतं, तवा मला तुमाला विचारायचं धाडस झालं न्हाई. आता विचारत न्हाई, सांगते. मी जाणार हाय."

"आणि तितं जाऊन तुझं पोरगं तुझ्यासमोर लोकांची ताटं उचलतंय, ते बघत बसणार?"

"व्हय. तेच बघायला जाणार. आणि नदी बघायला."

"शेखर, हिचं डोकं फिरलंय," अक्कम्मा म्हणाली. राजशेखर उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सिद्धेश्वरी मेंदीचे हात तसेच धरून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. महेश्वरीनं परात पुन्हा पुढं ओढली. पोळ्या व्हायच्याच होत्या.

अक्कलकोटची मंडळी दिवेलागणीच्या सुमाराला आली. मंडळी म्हणजे दोघंच, ईरप्पा आणि त्याची बायको निंगव्वा. ईरप्पाचा तुरीचा मोठा व्यापार. राजशेखरशी धंद्यातली जुनी ओळख, त्यातूनच सोयरीक जमलेली. माणूस गडगडाटी हसणारा, पण हसताना डोळे समोरच्याच्या तोंडावरून हलत नसत. निंगव्वा अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि जे बोलायची ते निम्मं कानडीत. तिनं होणाऱ्या सुनेची साडी आणली होती. साडी दाखवून झाली, सिद्धेश्वरी पाया पडली, पोळ्या आणि तूप पुढं आलं. राजशेखर नको तितकं हसत होता. अक्कम्मा दाराशी पाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होती.

पोळीचा तुकडा मोडत ईरप्पा म्हणाला, "मग? सिंगापूरचे साहेब येतायत न्हवं उद्या? एकुलता एक भाऊ. का सुट्टी मिळाली न्हाई?"

"त्याचं काय हाय, ईरप्पाण्णा," राजशेखर म्हणाला, "हॉटेलात आता सगळा सीझनचा…"

महेश्वरी तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिनं ती खाली ठेवली. बाल्कनीच्या दारात सिद्धेश्वरी होती. तिनं लेकीच्या चेहऱ्याकडं बघितलं. हे लग्न मोडलं तर ही पोरगी जन्मभर आपल्याला बोल लावेल. पण आज खोटं बोललो तर उद्या, परवा, बारशाला, प्रत्येक सणाला तेच खोटं पुन्हा सांगावं लागेल, आणि गुरूला या घरात कधीच पाय ठेवता येणार नाही.

"हॉटेलात न्हाई, अण्णा," ती म्हणाली. "गुरु आगगाडीत कामाला हाय. बँकॉकवरून सिंगापूरला जाणारी गाडी. प्रवाशांच्या खोल्या आवरतो, त्यांना जेवण वाढतो, चढायला-उतरायला हात देतो. आज एक व्हिडिओ फिरतोय, त्यात म्हातारीचे बूट पुसणारा तोच हाय."

ईरप्पानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"बघितलाय आमी," ईरप्पा सावकाश म्हणाला. "दुपारीच बघितला. येताना गाडीत हिला म्हणालो, बघू, काय सांगतात." त्यानं राजशेखरकडं मान वळवली. "मग ते मॅनेजर कुठनं आलं?"

राजशेखरच्या कपाळावर घाम आला होता. "ते मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "हिनं न्हाई."

"बरं केलं. म्हणजे उद्या माझ्या भावकीत मी काय सांगू? व्याह्यानं थाप मारली, आणि सुनेचा भाऊ गोऱ्यांचे बूट पुसतो. पाय धरून पोट भरतो."

"ओ अण्णा!"

आवाज दाराकडून आला. अक्कम्मा पाटावरून उठली होती. गुडघ्यावर हात टेकून, वेळ घेत उठली, आणि पदर खोचत पुढं आली.

"थाप मारली म्हणून माझ्या भावाला बोला. चुकलाय तो, ऐकून घेईल. पण पोराला काय बोलायचं ते आमी बोलू. तुमी कोण? पाय धरून पोट भरतो म्हणे! कुणाचे पाय? म्हातारीचेच न्हवं? गेल्या साली माझा पाय मोडला, प्लास्टर होतं मांडीपर्यंत. दोन पोरं, दोन सुना हायत मला घरात. पण चप्पल पायात सरकवायला कुणी खाली वाकलं न्हाई. काठीनं ओढून घेत होते मी. आमचं गुरु परक्या बाईसाठी वाकलं आणि हसत वाकलं. दुपारपासून चार डाव बघितलाय मी तो व्हिडिओ. पयल्यांदा लाज वाटली. खोटं कशाला बोलू? पण चौथ्यांदा त्या म्हातारीचा हेवा वाटला."

महेश्वरी नणंदेकडं बघतच राहिली. एवढ्या वर्षांत या बाईच्या तोंडून स्वतःच्या घरातलं उणं कधी बाहेर पडलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

ईरप्पानं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी निंगव्वा बोलली. "साकु, सुम्निरी." पुरे, गप बसा. मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून: "आपला मधला पोरगा दुबईत कुठल्या कंपनीत हाय, काय करतो, ते सांगू का मी हितं?"

ईरप्पानं ताटातली पोळी तुपात बुडवली आणि खाऊ लागला. मधला दुबईत काय करतो ते कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. महेश्वरीचा, फ्रिजवर ठेवलेला. पडद्यावर गुरूचं नाव; आज दुपारचा फोन राहिला होता. महेश्वरी लेकीकडं बघत होती; उद्या फोन नको असं दुपारी म्हणणारी हीच. सिद्धेश्वरीनं एकदा बापाकडं बघितलं, मग चालत आली आणि फोन उचलला.

"दादा, सगळे हायत इथं," ती म्हणाली. तिनं फोन सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. "माझ्या सासरचे पण. सगळ्यांना सगळं माहीत झालंय."

गुरु त्याच पांढऱ्या कोटात होता. मागं अंधार आणि त्यात पळणारे झाडांचे आकार. निंगव्वा पुढं सरकली आणि आपल्या पोराला विचारावं तसं तिनं विचारलं, "ऊट आयतेनप्पा?"

जेवलास का बाळा, एवढंच. गुरूच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "इन्नू इल्ल, अव्वा," तो म्हणाला. अजून नाही. "आमचं सगळ्यात शेवटी असतं. आधी पाहुणे."

"गाडी चालू हाय का आता?" ईरप्पानं तोंडात घास असतानाच विचारलं. "किती पळते?"

"पळत न्हाई, अण्णा. इथं मुद्दाम हळू चालवतात. चांदणं हाय, खाली नदी हाय. लोकांना बघायचं असतं." त्यानं फोन कठड्याबाहेर धरला. अंधारात पाण्याचा एक लांब, चमकता पट्टा सरकत होता. ईरप्पानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे बघायला लोक जातात?" "जातात की." "हं," ईरप्पा म्हणाला, आणि बायकोला म्हणाला, "बघ, बघ." मग थोड्या वेळानं राजशेखरला म्हणाला, "उद्या मुहूर्त सकाळचा हाय. हॉलवर लवकर या. आणि यापुढं मला जे सांगाल ते खरं सांगा, बाकी माझं काही म्हणणं न्हाई."

राजशेखरनं मान हलवली. सिद्धेश्वरीनं सुटकेचा श्वास घेतला तो महेश्वरीला पलीकडून ऐकू आला.

महेश्वरीनं फोन हातात घेतला. "गुरु, ती मार्गशीर्षातली केबिन. अजून हाय न्हवं?"

"हाय की, अव्वा. पण अप्पा…"

"मी येणार हाय. तू नाव घाल."

"आणि दुसरं?"

महेश्वरी काही बोलायच्या आत अक्कम्मा म्हणाली, "माझं घाल. पासपोर्ट हाय माझा. कैलासाच्या यात्रेला काढला होता, यात्रा रद्द झाली. कोरा पडलाय." आणि सगळे आपल्याकडं बघतायत हे बघून तिनं दटावलं, "काय बघताय? तितं वरच्या बिछान्यावर चढायचं असंल तर महेश्वरी चढंल. मी न्हाई चढणार."

"दोन्ही खालीच असतात, आत्या," गुरु हसत म्हणाला.

महेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. तो खुर्चीत पुढं वाकून बसला होता, पण नजर जमिनीवर होती. तिनं त्याला विचारलं नाही. नुसता फोन त्याच्यासमोर नेऊन धरला. बाप आणि लेक, इतक्या दिवसांनी, एकमेकांकडं बघत राहिले. गुरूनं नकळत कोटाचं वरचं बटण नीट केलं.

"अप्पा."

राजशेखरनं घसा खाकरला. "फोन सरळ धर," तो म्हणाला. "नीट दिसत न्हाई."

गुरूनं फोन सरळ धरला. राजशेखर बघत राहिला. त्यानं तोंड फिरवलं नाही. महेश्वरीचा हात अवघडला तरी तिनं फोन तसाच धरून ठेवला. शेवटी तोच म्हणाला, "बोल अव्वाशी," आणि उठून पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेला. पाहुण्यांना पाणी द्यायला तो आजवर कधी उठला नव्हता.

"अव्वा, अप्पा येतील का गं कधी?"

"ते अजून ठरवतायत," महेश्वरी म्हणाली. "माझं ठरलंय."

"बरं, मग सांग, काय खाणार तुमी दोघी? इथं सगळं वेगळं असतं. आचाऱ्याला आधी सांगावं लागतं. कांदा-लसूण चालेल ना? आत्या सोमवार धरतात का अजून? आणि टेबलावर वाढायला मी दुसऱ्या मुलाला सांगतो, म्हणजे तुमाला अवघडल्यासारखं…"

"न्हाई," महेश्वरी म्हणाली. खोलीतले सगळे ऐकत होते आणि तिला ते हवंच होतं. "जे असंल ते खाऊ. पण त्या गाडीत, सगळ्या लोकांसमोर, हाच कोट घालून, आमाला तू वाढायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी घेणार न्हाई."